पहिलं सुखोई

पुणे जिल्ह्यात सुखोई हे नाव आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. ११ जून १९९७ रोजी लोहगावच्या तळावर सुखोई-३० हवाई दलात दाखल झालं. सप्टेंबर २००२ मध्ये त्याची सुधारित एमकेआय आवृत्ती तिथंच आली, आणि पुढं नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमानं बांधली जाऊ लागली. पणदरे-माळेगावकडे कालव्याकाठी उसाला पाणी देणारा माणूसही आभाळात घरघर झाली की लोहगावचं विमान म्हणून मान वर करतो. मात्र या घराण्यातलं जे विमान भारतानं सगळ्यात आधी घेतलं, ज्यानं १९७१च्या युद्धात दिवसाउजेडीच्या हल्ल्यांचा मोठा भार उचलला, आणि ज्याच्याशी दोन मराठी वैमानिकांचं आयुष्य कायमचं बांधलं गेलं, त्या सुखोई-७ची ओळख आपल्याकडे फार थोड्यांना आहे. त्या दोघांतला एक शत्रूच्या बंदिवासाची भिंत फोडून बाहेर पडला. दुसऱ्याचं पुढं काय झालं, हे त्याच्या घरच्यांना आजवर कुणी खात्रीनं सांगितलेलं नाही.

हे विमान भारतात आलं त्याचं कारण जम्मूच्या सरहद्दीवरचं छांब. १ सप्टेंबर १९६५ला पाकिस्तानी रणगाडे तिथं घुसले आणि लष्करानं हवाई दलाची मदत मागितली. त्या संध्याकाळी पठाणकोटहून आधी जी विमानं झेपावली ती व्हॅम्पायर होती, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातला नमुना. एका संध्याकाळी चार व्हॅम्पायर पडली. जमिनीवरच्या लढाईला हात देणारं, वेगवान आणि दणकट विमान हवं, हे त्या दिवशी सगळ्यांना कळून चुकलं. पण आणायचं कुठून? युद्ध पेटताच अमेरिका आणि ब्रिटननं शस्त्रपुरवठा रोखला होता. देशी बनावटीचं मारुत विमान १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालं होतं, तरी त्याला साजेसं ताकदीचं इंजिन मिळत नव्हतं. उरला रशिया. पाव्हेल सुखोई यांच्या कार्यालयात आखलेलं आणि १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालेलं सुखोई-७ तिकडून मिळत होतं, तेही लवकर आणि मोठ्या संख्येनं. मार्च १९६८ पासून त्याची बीएमके आवृत्ती भारतात येऊ लागली आणि २६, ३२, १०१, १०८, २२१ आणि २२२ या सहा स्क्वाड्रन त्यावर उभ्या राहिल्या.

त्याच १९६५च्या युद्धात एका तरुण फ्लाइंग ऑफिसरच्या विमानाला गोळी लागली. उजवा खांदा जखमी झाला होता. विमान सोडून उडी घे, असं तुकडीच्या प्रमुखानं सांगितलं. त्यानं ऐकलं नाही; एका हातानं जमेल तसं विमान सांभाळत तो तळावर परतला. त्याबद्दल त्याला वायुसेना पदक मिळालं. मार्च १९६३ मध्ये हवाई दलात दाखल झालेल्या या अधिकाऱ्याचं नाव दिलीप कमलाकर परुळकर. पुढं ते सुखोई-७च्या २६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये आले.

सुखोई-७ दिसायला सरळसोट होतं. लांब नळीसारखं धड, नाकाच्या टोकाला हवा ओढून घेणारं गोल तोंड, साठ अंशांहून जास्त मागं झुकलेले पंख आणि आत ल्युल्का बनावटीचं एकच अवाढव्य इंजिन. ताकद या इंजिनाची, आणि दुखणंही याच इंजिनाचं. जमिनीलगत उडताना ते इंधन इतकं पिई, की जादा जोरासाठी आफ्टरबर्नर लावला की काटा डोळ्यांदेखत खाली येई. म्हणून पोटाखाली दोन जादा टाक्या बांधल्याशिवाय मोहिमेवर जाणं अवघड. टाक्यांनी पोटाखालची जागा अडवली की बॉम्ब आणि रॉकेटसाठी मुख्यतः पंखांखालची जागा उरे. एवढं मोठं विमान, एवढा गाजावाजा, आणि प्रत्यक्षात न्यायचे दोन मोठे बॉम्ब किंवा रॉकेटचे दोन संच. पंखांच्या मुळाशी ३० मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या, पण प्रत्येकीला सत्तरच गोळे. चाप सलग दाबून धरला तर चार-पाच सेकंदांत संपणारे.

वैमानिकाची बैठकही सोयीची नव्हती. मागचं नीट दिसत नसे, आणि नेम धरायच्या यंत्राशी डोळा जुळवायला अनेकांना आसन वरखाली करून बसावं लागे. एका वैमानिकानं नेम चांगला दिसावा म्हणून आसन धोक्याच्या जागी ठेवलं आणि विमानाबाहेर फेकलं जाताना त्याचा जीव गेला. आराखडा करणाऱ्याची चूक किती दूरवर जाऊन कुणाच्या घरावर पडते, ते इथं दिसतं. उड्डाणाला लांब धावपट्टी लागे. उतरतानाचा वेग इतका असे की शेपटाकडची छत्री उघडूनच विमान आवरावं लागे. पुढच्या फेरीआधी ती छत्री घडी घालून परत बसवणं, टाक्या भरणं, गोळ्यांचे पट्टे चढवणं, बॉम्ब टांगणं, हे सगळं एअरमन मंडळींच्या हातचं काम. पंजाबातल्या डिसेंबरच्या गारठ्यात ते कसं चालत असेल, याची कल्पना करून पाहावी.

असं असूनही जुने वैमानिक या विमानाबद्दल बोलताना त्याचे दोष भराभर मोजतात आणि मग थांबतात ते एकाच गोष्टीवर. जमिनीलगत भरधाव जाताना ते ढळत नसे, आणि मार खाल्ला तरी घरी आणत असे.

३ डिसेंबर १९७१च्या संध्याकाळी पाकिस्ताननं अमृतसर, पठाणकोट, श्रीनगरसह अनेक तळांवर हल्ले केले. रात्री कॅनबेरा विमानांनी उत्तर दिलं आणि उजाडल्यावर सुखोई-७ची पाळी आली. पहिल्या दिवसांत पाकिस्तानी विमानतळ, मग रेल्वेगाड्या, रणगाडे, तोफखाने, दारूगोळ्याचे साठे. छांबच्या आघाडीवर मुनव्वर तवी नदीच्या काठी पाकिस्तानी फौज पुन्हा एकदा जोर लावत होती. सहा वर्षांपूर्वी जिथं व्हॅम्पायर पडली होती, त्याच भूमीवर आता सुखोई-७ उतरत्या कोनात येऊन रॉकेट सोडत होती. पूर्वेकडे पानागढहून २२१ क्रमांकाची स्क्वाड्रन लढली. दोन आठवड्यांत सहा स्क्वाड्रननी मिळून जवळजवळ दीड हजार हल्ल्याच्या फेऱ्या केल्या. चौदा विमानं गेली, बहुतेक विमानविरोधी तोफांच्या माऱ्यानं. कारण उघड आहे. जमिनीवरच्या लक्ष्याला भिडायचं तर खाली यावं लागतं, आणि खाली आलं की प्रत्येक तोफेच्या टप्प्यात यावं लागतं.

याच युद्धातली विंग कमांडर एच. एस. मंगत यांची हकिगत हवाई दलात अजून सांगितली जाते. ३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे ते प्रमुख. त्यांच्या सुखोईला मागून साइडवाइंडर क्षेपणास्त्र लागलं. सुकाणूचा निम्मा भाग उडाला, पंखांची आणि शेपटाची हलणारी पाती फाटली, आणि क्षेपणास्त्राचा निम्मा तुकडा छत्रीच्या नळकांड्यात तसाच अडकून राहिला. एवढं घेऊन मंगत तळावर परतले आणि विमान उतरवलं. त्यांना महावीर चक्र मिळालं. दुसऱ्या कुठल्या विमानात असते तर ते परतले असते का, असा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. सुखोई उडवणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं असतं.

सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं. १० डिसेंबरला परुळकरांच्या सुखोईला जमिनीवरून झालेल्या माऱ्यात गोळा लागला. छत्रीनं ते पाकिस्तानी पंजाबात उतरले आणि पकडले गेले. त्यांच्याच स्क्वाड्रनचे धीरेंद्र जाफा, ३२ क्रमांकाचे मलविंदरसिंग ग्रेवाल आणि इतर विमानांचे वैमानिक मिळून बाराजण रावळपिंडीच्या हवाई दल छावणीत कैदेत होते. जाफांनी पुढं या दिवसांवर ‘डेथ वॉजन्ट पेनफुल’ हे पुस्तक लिहिलं. कॅनडाच्या लेखिका फेथ जॉन्स्टन यांनी ‘फोर माइल्स टू फ्रीडम’ लिहिलं. बंदिवासाची कहाणी तपशिलानं वाचता येते ती या मंडळींच्या आठवणींमुळंच.

पकडलो गेलो तर पळून येईन, हे परुळकरांनी युद्धाआधीच आपल्या स्क्वाड्रन प्रमुखांना बोलून दाखवलं होतं. वैमानिकांच्या गप्पांत असं पुष्कळ बोललं जातं. परुळकरांनी ते शब्द मनात जपून ठेवले. २ जुलै १९७२ला सिमला करार झाला, तरी कैद्यांच्या सुटकेचा गुंता सुटला नाही. भारताच्या ताब्यात त्र्याण्णव हजार पाकिस्तानी होते आणि बोलणी लांबत चालली होती. छावणीतल्या बाराजणांना सुटकेची तारीख कुणी सांगत नव्हतं.

तेव्हा भिंत फोडायचं ठरलं. मिळेल त्या हत्यारानं रात्री विटांमधला चुना-सिमेंट खरवडायचं, निघालेली माती रेड क्रॉसकडून आलेल्या खोक्यांत दडवायची, सकाळी सगळं जागच्या जागी. कैदेतलेच विद्याधर चाटी या कामात परुळकरांचे जोडीदार होते. छत्रीच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या, सुई चुंबकावर घासून होकायंत्र तयार केलं, कैद्यांना मिळणाऱ्या भत्त्यातले पैसे साठवले. बाहेरचा गिलावा वाटला होता त्याहून टणक निघाला आणि बेत लांबला. एवढ्या मंडळींनी एवढे आठवडे हे गुपित सांभाळलं, आणि ज्यांना जायचं नव्हतं त्यांनीही जाणाऱ्यांसाठी पहारा दिला, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं. मागं राहणाऱ्यांना शिक्षा होणार, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

१२ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर वादळ सुटलं, पाऊस आला. परुळकर, ग्रेवाल आणि त्यांच्याबरोबर कैदेत असलेले वैमानिक हरीश सिंहजी भोकातून बाहेर सरकले. रस्त्यावर आले तर सिनेमाचा खेळ सुटलेला. त्या गर्दीत तिघंही मिसळून गेले. पुढं पेशावरची बस. आपण लाहोरचे ख्रिस्ती आहोत, अशी बतावणी ठरली होती. परुळकरांचं नाव फिलिप पीटर. पेशावरहून टांग्यानं जमरूदकडं, तिथून बसनं खैबर खिंडीत. सकाळी नऊ-साडेनऊला तिघं लंडी कोतलला पोहोचले होते. अफगाणिस्तानची सरहद्द तिथून जेमतेम चार-पाच मैल.

घात केला तो जुन्या नकाशानं. त्यांनी पाहिलेल्या नकाशात लंडी खाना नावाचं रेल्वे स्टेशन होतं, सरहद्दीला लागून. ते स्टेशन १९३२ मध्येच बंद पडलं होतं. चहाच्या दुकानाशी त्यांनी लंडी खान्याला जायची वाट विचारली, आणि जिथं चाळीस वर्षांत कुणी जात नव्हतं तिथं जायला निघालेली ही परकी माणसं कोण, असा संशय तहसील कचेरीतल्या कारकुनाला आला. झडती झाली. त्या मुलखात हेर म्हणून पकडलं जाणं म्हणजे जागेवर गोळी खाणं. परुळकरांनी प्रसंगावधान राखलं: आम्ही पाकिस्तानी हवाई दलाचे आहोत, हवाई दल प्रमुखांचे एडीसी स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांना फोन लावा. हे उस्मान हमीद आधी रावळपिंडीच्या छावणीचे प्रमुख होते आणि कैद्यांशी माणुसकीनं वागले होते. फोनवर सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला आणि यांना इजा न करता ताब्यात ठेवा, असं त्यांनी सांगितलं. तिघांचे प्राण वाचले ते शत्रूच्या एका अधिकाऱ्याच्या समजुतीनं, ही गोष्ट सांगायची राहू नये.

पुढं सगळ्यांना लायलपूरच्या, म्हणजे आजच्या फैसलाबादच्या तुरुंगात हलवलं गेलं. १ डिसेंबर १९७२ला वाघा सरहद्दीवरून हे वैमानिक पायी चालत भारतात आले. परुळकरांना विशिष्ट सेवा पदक मिळालं. नंतर त्यांनी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बटालियन कमांडर म्हणून काम केलं, ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि पुण्यात राहिले. १० ऑगस्ट २०२५ला पुण्यातच त्यांचं निधन झालं. रावळपिंडीच्या त्या रात्रीला त्रेपन्न वर्षं पुरी व्हायला दोन दिवस उरले होते.

१ डिसेंबर १९७२ला वाघा ओलांडून आलेल्यांत फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे नव्हते. तेही ३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे, सुखोई-७चे वैमानिक. युद्धाच्या पहिल्याच दिवसांत शोरकोटच्या विमानतळावर हल्ला करताना त्यांचं विमान पडलं. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, १९७०च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. जिवंत पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी पाकिस्तानी वृत्तपत्रात आली, तीत ‘टॉम्बे’ असं एक नाव होतं. या एका छापील शब्दावर दमयंतीबाईंनी पुढचं आयुष्य उभं केलं. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी, आणि बाकीचा वेळ कागदपत्रं, मंत्र्यांच्या भेटी, निवेदनं.

बेपत्ता युद्धकैद्यांच्या यादीत चोपन्न नावं आहेत. १९८३ मध्ये काही कुटुंबांना मुलतानचा तुरुंग पाहायला नेण्यात आलं, २००७ मध्ये नातेवाइकांचं दुसरं पथक पाकिस्तानातल्या तुरुंगांत फिरलं. त्यात दमयंतीबाई होत्या. हाती काही लागलं नाही. असे कैदी आमच्याकडे नाहीत, हे पाकिस्तानचं उत्तर कायम आहे. झुल्फिकार अली भुट्टोंच्या खटल्यावरच्या व्हिक्टोरिया स्कोफिल्ड यांच्या पुस्तकात लाहोरच्या कोट लखपत तुरुंगातल्या भारतीय कैद्यांचा उल्लेख आहे, आणि कुटुंबं तो वारंवार पुढं करत आली आहेत. दीड हजार फेऱ्या आणि चौदा विमानं हे आकडे छापले जातात. पन्नास वर्षं चाललेली एका बाईची शोधयात्राही या विमानाच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि कुठल्याही देशाच्या सरकारनं ती आणखी लांबू देणं अन्याय आहे.

युद्धानंतर सुखोई-७ फार काळ आघाडीवर राहिलं नाही. शत्रूच्या मुलखात खोल जाऊन मारा करील असं लांब पल्ल्याचं विमान हवं, ही मागणी या विमानाच्या आखूड पल्ल्यानं अधिकच पक्की केली. १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलप्रमुख होते मुंबईत जन्मलेले एअर चीफ मार्शल हृषीकेश मुळगावकर. नव्या विमानाच्या निवडीचा खल त्यांच्याच काळात झाला. शेवटी जॅग्वार ठरलं आणि १९७९ मध्ये अंबाल्याला उतरलं. मग मिग-२३ आलं, मिग-२७ आलं. हे मिग-२७ ओझरलाही बांधलं गेलं. १९८६ पर्यंत सुखोई-७ सेवेतून गेलं. पुढं मिग-२७सुद्धा २७ डिसेंबर २०१९ला जोधपूरला निवृत्त झालं. सुखोई-७ घेऊन १९६९ मध्ये उभी राहिलेली २२२ क्रमांकाची स्क्वाड्रन मात्र जानेवारी २०२० पासून तंजावरला सुखोई-३० उडवते आहे. दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात जुनं सुखोई-७ जवळून पाहता येतं. पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्यांनी अर्धा दिवस त्यासाठी जरूर काढावा.

वैमानिकांच्या आठवणी थोड्याफार तरी पुस्तकांत उतरल्या. विमान उडतं ठेवणाऱ्यांच्या आठवणी उतरल्या नाहीत. इंजिनाचे फिटर, शस्त्रं चढवणारे आर्मरर, रेडिओ आणि विजेचं काम पाहणारे तंत्रज्ञ, छत्र्या घडी घालणारे. मॅट्रिक होऊन हवाई दलात गेलेली, पंधरा-वीस वर्षं नोकरी करून गावाकडं परतलेली ही माणसं. त्यांनी पाहिलेलं युद्ध कुठल्याही अधिकृत इतिहासात सापडणार नाही. मोहिमेवर गेलेली चार विमानं परतताना तीनच दिसली, तेव्हा धावपट्टीकडेला उभं राहून कुणाचं विमान आलं नाही ते आधी त्यांनीच ओळखलं. १९७१ला विशीत असलेले हे लोक आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत.

बारामती, इंदापूर, पुरंदर, दौंड या भागांत माजी सैनिक नसलेलं गाव शोधावं लागेल. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी हवाई दलातून निवृत्त झालेलं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा. कुठला तळ, स्क्वाड्रनचा क्रमांक काय, कुठलं विमान, त्या चौदा दिवसांत काय काम केलं, हे त्यांच्याच तोंडून मोबाइलवर रेकॉर्ड करा. जुन्या फोटोंच्या मागं नावं आणि साल लिहून घ्या, सेवापुस्तिका आणि पत्रं रद्दीत जाऊ देऊ नका, आणि एक प्रत गावच्या ग्रंथालयात ठेवा. हे काम येत्या सुट्टीतच करा.